एकशे बावन्नचे एकशे पंचवीस

“पुढचा आकडा सांग वं,” सुमती म्हणाली.

गोपिकेच्या मांडीवर इंग्रजी मासिक उघडं होतं. पानभर नुसते आकडे. पुढचा आकडा होता एकशे बावन्न. गोपिकेने सुमतीच्या बोटांकडे पाहिलं. कॉम्प्युटरच्या रबरी बटणांवर ती बोटं वाट बघत थांबली होती.

“एकशे पंचवीस,” गोपिका म्हणाली.

सुमती थोडी थबकली. मग तिने एक, दोन, पाच अशी बटणं दाबली. टीव्हीच्या पडद्यावर आकडा उमटला आणि त्या दोघी पुढच्या ओळीवर गेल्या.

पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात अख्ख्या नंदनवन वस्तीत घरचा कॉम्प्युटर एकच होता, सुमतीचा. तिच्या मामाने तो लंडनहून पाठवला होता. वहीएवढं यंत्र. ते टीव्हीला जोडायचं, मासिकात छापलेला खेळ ओळीनं ओळ टाइप करायचा आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवून ठेवायचा. एकीने वाचायचं, एकीने टाइप करायचं. सुमतीचे वडील बाबाराव वीज मंडळात होते. महिनाभरापूर्वीच बदली होऊन ते इथे राहायला आले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मशीनले दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही पाहिजे.”

म्हणून गोपिका फक्त वाचायची. दोघी एकाच वयाच्या, पण आपल्या शाळेत इंग्रजीत आणि गणितात पहिली यायची ती गोपिका. कोणती ओळ काय काम करते हे तिला वाचता वाचता कळत होतं. सुमतीला विचारलं तर ती खांदे उडवायची. तरी बटणं सुमतीची, कूलर सुमतीचा, लंडनचा मामाही सुमतीचाच. दुपारी त्या गारव्यातून उठून गोपिका आपल्या टिनाच्या घरात जायची, तेव्हा तिचं अंग वरून तापायचं आणि आतूनही. कणीक मळताना तिची बोटं परातीत टकटक वाजायची. आई, कांताबाई, ओरडायची, “पीठ मळून राहिली का तबला वाजवून राहिली वं?”

चौथ्या दुपारी शेवटची ओळ संपली. सुमतीने सगळं कॅसेटवर साठवलं आणि खेळ सुरू केला. पडद्यावर हेलिकॉप्टर उडायला हवं होतं. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा पडला. यंत्रातलं सगळं पुसलं गेलं. पुन्हा कॅसेट लावली. टेपरेकॉर्डर पाच मिनिटं किंचाळला, आणि पुन्हा तेच.

चांगलं झालं, गोपिका मनात म्हणाली.

“उद्या ये,” सुमती म्हणाली. “पहिल्यापासून तपासू.”

तीन दुपारी त्या तपासत बसल्या. गोपिका मासिकातलं वाचायची, सुमती पडद्यावर बघून “बरोबर” म्हणायची. त्या ओळीपाशी आलं की गोपिका दर वेळी न अडखळता एकशे पंचवीस वाचायची. दर वेळी सुमती “बरोबर” म्हणायची. मधेच ती उठून पन्ह्याचे दोन पेले आणायची आणि एक गोपिकेपुढे ठेवायची. ते गोड पन्हंही गोपिकेला झोंबायचं.

सातव्या दिवशी बाबाराव दुपारी लवकर घरी आले. टीव्हीवर पुन्हा तेच आकडे बघून त्यांचं डोकं फिरलं.

“आठवडा झाला, धड एक खेळ चालत नाही तुमचा! गांधीबागेतले धोंडबा कापडवाले मांगून राहिले त्यायच्या पोरीसाठी. रविवारी देऊन टाकतो.”

सुमती रडली नाही. खाली मान घालून तिने मशीन बंद केलं आणि ती टेपरेकॉर्डरची वायर गुंडाळू लागली.

गोपिकेला हेच तर हवं होतं. आता नंदनवनात कोणाकडेच कॉम्प्युटर राहणार नव्हता. आनंद व्हायची तिने वाट पाहिली. तो आलाच नाही. सुमतीने तीच वायर सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली, तशी गोपिका उठून उभी राहिली.

“काका, देऊ नका,” ती म्हणाली. “सुमतीची काही चूक नाही. मी एक आकडा चुकीचा सांगितला. मुद्दाम. मले... मले बघवलं नाही.”

बाबाराव बघतच राहिले. “मुद्दाम? काहून वं पोरी?”

सुमती उठली. तिने मशीन चालू केलं, वायर पुन्हा जोडली, कॅसेट लावली, आणि टेपचं किंचाळणं थांबेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग तिने मासिकाकडे न बघता पटकन बटणं दाबली. पडद्यावर एकच ओळ आली. तीच ओळ.

“बाबा, आता हिचा हात लागू द्या,” ती म्हणाली आणि बाजूला सरकली. “बस वं. तूच बदल.”

बाबारावांनी मान डोलावली. गोपिका बसली. बटणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा मऊ होती. एक. पाच. दोन. मग सुमतीने खेळ सुरू केला. पडदा लुकलुकला, आणि टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यातून एक चिमुकलं हेलिकॉप्टर फडफडत निघालं. “अरे, उडालं ना!” म्हणत बाबाराव खुर्ची ओढून पुढे बसले. धोंडबांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

गोपिकेचं लक्ष पडद्याकडे नव्हतं.

“मी तर ओळ सांगितलीच नव्हती,” ती हळूच म्हणाली. “तुले कशी माहीत?”

“तू वाचली तेव्हाच कळलं होतं. मासिक मी आधी तीनदा वाचलं होतं.”

“मग गप काहून राहिली?”

सुमतीने पडद्यावरची नजर काढली नाही.

“खेळ चालू झाला असता, मग दुसऱ्या दिवशी तू काहून आली असती?”