पाहुण्याची खुर्ची

माझ्या नवऱ्याने घाम गाळून उभा केलेला पंपांचा कारखाना धाकट्या दिराने गोड बोलून घशात घातला. वर सगळ्या कामगारांसमोर म्हणाला, "दादा, ऊठ. ही खुर्ची आता माझी." आम्ही गाशा गुंडाळला आणि या परक्या देशात येऊन नव्याने संसार मांडला.

आता तोच दीर इथे पंप विकायला आला. भाषेचा गंध नाही, तेव्हा याला वहिनी आठवली! "वहिनी, तुम्ही फक्त सोबत बसा. बोलायचं काय, वागायचं कसं, सगळं तुम्ही सांगाल तसं."

बोलणी झकास झाली. इथल्या कंपनीचे म्हातारे मालक खूश होते. त्यांनी करार पुढे ओढला, चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं.

इथली रीत मला पाठ आहे. मालक बसलेले असताना पाहुणा खुर्ची सोडून उठला, की त्याने सौदा मोडला असं धरतात. पुन्हा त्याला दारात उभं करत नाहीत.

दीर माझ्या कानाशी कुजबुजला, "वहिनी, ते सही करतायत. मी बसूनच राहू ना?"

मी तोंडभर हसले.

"छे, भाऊजी. उठा."