मागचं डावं चाक

सेकंडहँड गाडी घेतोच आहोत तर पूजा तरी नीट करू, असं मीच म्हटलं होतं. मांजर्लीत आमच्या बिल्डिंगखाली मी चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि माझ्या नवऱ्याने, धर्मेशने, गाडी पुढे घेतली.

तीन लिंबं चिरडली. मागच्या डाव्या चाकाखालचं तसंच राहिलं.

"सरकलं असेल गं."

मी तेच लिंबू पुन्हा ठेवलं आणि उकिडवी बसून बघत राहिले. चाक बरोबर त्याच्यावरून गेलं. सालीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"झाल्या तुझ्या शंका सुरू! फोर व्हील ड्राइव्ह आहे ही. पावसात रस्ता सोडणार नाही." उल्हासनगरच्या डीलरचंच वाक्य तो मला ऐकवत होता.

दुपारी अंबरनाथहून परतताना धो धो पाऊस लागला. नदीजवळच्या रस्त्यावर पाणी साचलं होतं. गाडी वेगात त्यात शिरली आणि टायरांचा आवाज एकदम थांबला.

"ब्रेक मारू नकोस!" मी ओरडले.

"नाही मारत. टायर पाण्यावर तरंगतायत. एकाही चाकाला रस्ता लागत नाहीये." स्टिअरिंग त्याच्या हातात सैल फिरत होतं.

समोरच्या स्क्रीनवर चार चाकांचं चित्र होतं. ज्या चाकाला पकड मिळते, ते हिरवं दिसतं. आत्ता एकच हिरवं होतं, मागचं डावं.

"मग हे चाक कशावर टेकलंय?"

ॲक्सिलरेटरवरचा पाय धर्मेशने कधीच काढला होता. तरी गाडी हळूच नदीकडे वळली आणि वेग घ्यायला लागली.