बेरीज चुकलेला तक्ता

चूकसुद्धा तीच होती. छापण्यासाठी आलेल्या लेखात तक्त्याखाली एकूण रुग्ण दोनशे बारा लिहिले होते. वरचे आकडे मिळवले की दोनशे अकराच भरत. गेल्या वर्षी दुसऱ्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या लेखातही असाच एक रुग्ण कमी भरत होता. संपादकबाईंनी दोन्ही लेख शेजारीशेजारी ठेवले. भाजलेल्या मुलांच्या जखमांचा अभ्यास. वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी. चोरी करणाऱ्याने बेरीजही करून पाहिली नव्हती.

छापलेला लेख सरांचा होता. बाईंना बोट धरून लिहायला शिकवलं ते याच सरांनी. म्हणून चीड जास्तच आली. त्यांनी कारण न सांगता नव्या लेखाच्या लेखिकेला, एका लहान रुग्णालयातल्या डॉक्टरणीला, मूळ नोंदी घेऊन बोलावलं. तिच्या वरिष्ठांसाठी पत्र तयार होतं. सही तेवढी बाकी होती. अशा पत्रानंतर नोकरी राहत नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

डॉक्टरीण थेट ड्युटीवरून आली. डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. कोडगी दिसते, बाईंनी मनाशी म्हटलं.

त्यांनी दोन्ही लेख पुढे सरकवले. "शब्द जुळले, एक वेळ समजू शकते. चूकही तीच कशी?"

तिने वाकून बेरीज केली. कान लाल झाले. सापडली, बाईंना वाटलं.

"चूक माझीच, मॅडम. एका मुलाची आई नंतर म्हणाली, आमच्या पोराचं कुठे छापू नका. मी त्याची नोंद काढली, एकूण आकडा बदलायचा राहिला." तिने वही उघडली. एका नावावर रेघ, शेजारी आईची सही, चार वर्षांपूर्वीची तारीख. मग तिची नजर छापलेल्या लेखावर गेली आणि तिने तो जवळ ओढला. "पण हे... हे माझं कुणी छापलं?"

बाईंच्या मनातली अढी अजून जात नव्हती. "तुम्ही कुणाला दाखवलं होतंत?"

"फक्त तुम्हाला. दोन वर्षांपूर्वी इथेच पाठवला होता. पाठपुरावा अपुरा म्हणून परत आला. मग मी तीच मुलं आणखी दोन वर्षं तपासली."

नाकारलेल्या लेखांचं फोल्डर सहसा कुणी उघडत नसे. बाईंनी उघडलं. लेख होता. लेख ज्यांच्याकडे तपासायला पाठवला होता, त्या परीक्षकाचा अभिप्राय एका ओळीचा होता : पाठपुरावा अपुरा, छापू नये. खाली सरांचं नाव.

बाईंनी तयार पत्र फाडलं आणि सरांच्या संस्थेला नवं लिहायला घेतलं. पुरावा म्हणून सगळ्यात वर जोडली ती लेखासोबत सरांना गेलेली स्वतःची चिठ्ठी : "सर, तुमच्या नजरेखालून गेला, की मी निर्धास्त."