मनोऱ्यावरचं घड्याळ

"सुट्टीचे दोन दिवस हत्यारांना अजिबात हात लावायचा नाही," असं बजावून बायकोने घड्याळजींची चामडी पिशवी स्वतःच्या पर्समध्ये कोंबली, तेव्हाच त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यात थंडीच्या दिवसांत तळ्याकाठचं एक जुनं गाव गाठलं, तर खोलीच्या खिडकीसमोरच तीनशे वर्षांचा मनोरा, आणि त्यावरचं भलंमोठं घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर अडकलेलं! तळ्यावर फिरताना, ऊन खात बसताना त्यांची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाई. हात नुसते शिवशिवत होते. पण दुकानात तीस वर्षं शेजारी बसून एकेक चिमटा हातात देणाऱ्या बाईपुढे 'ब्र' काढायची त्यांची काय बिशाद!

रविवारी त्यांना जाग आली ती ठोक्यांनी. मोजले. बरोबर आठ. खिडकीशी धावले, तर काटे चालू!

एवढ्यात बायको आत आली. एका हातात मनोऱ्याची किल्ली, बोटं तेलाने काळीकुट्ट, शालीला जळमटं.

"अगं, हत्यारांना हात लावायचा नाही म्हणालीस ना?"

"ते तुम्हाला," ती ऐटीत म्हणाली. "मी तीस वर्षं ती नुसती तुमच्या हातात देतेय. त्यातून मलाही कधी सुट्टी नको?"