तिसरी हाक

तितूने प्लास्टिकचे सुळे तोंडात बसवले, हनुवटीवरची लाळ पुसली आणि सावेतामावशीच्या घरी फोन लावला. एकदा वाजवून बंद केला. पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून आवाज आला, "कोण, दोरू?"

"हो, मीच. कशी आहेस, आई?"

सुळ्यांमुळे त्याचा 'स' शिट्टीसारखा वाजत होता. दोरूचाही तसाच वाजायचा. लहानपणी बर्फात घसरगाडीवरून पडून त्याचा पुढचा दात तुटला होता. गाडी तितूने ढकलली होती.

सुळे किल्ल्याखालच्या हॉटेलातले. तितू तिथे रक्तपिपासू सरदाराचं काम करायचा. काळ्या झग्यात शवपेटीतून उठायचं, पाहुण्यांच्या मानेपाशी फिस्कारायचं आणि मग सूप कोणतं आणू ते विचारायचं. सिनेमे बघून आलेले पाहुणे खूश होऊन किंचाळत.

गावात त्याला कुणी भीत नसे. खरा स्त्रिगोई, म्हणजे परत येणारा मेलेला, झगा घालत नाही, हे गावाला माहीत होतं. तो पुरलेल्या कपड्यांतच मातीतून उठतो आणि परक्याकडे ढुंकूनही बघत नाही. ज्यांच्यावर जीव होता त्यांच्याच दारी येतो, नाव घेऊन हाक मारतो. ओ दिली की माणूस त्याच्यामागे गेलाच. फक्त त्याला दोनच हाका मारता येतात. तिसरी मारतो तो जिवंत माणूस.

म्हणून सावेतामावशी जन्मभर तिसऱ्या हाकेलाच ओ देत आली होती. पोस्टमन तिच्या दारात मोजून तीनदा ओरडायचा. एकदा तिच्या छपराने पेट घेतला, तेव्हा शेजारी दोनदा ओरडला आणि धुराने त्याला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेपर्यंत मावशी आत बसून राहिली. अर्धं छप्पर गेलं.

घरात फोन आल्यावर तिने फोनलाही तोच नियम लावला.

दोरू इटलीत बांधकामावर होता. दर रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला, तो घरी तीनदा फोन लावायचा. ऑक्टोबरात तो परांचीवरून पडला आणि तिकडेच मातीत गेला. बातमी आधी झाम्फिराकाकूला कळली. ही मावशीची जाऊ, कुंपणापलीकडे राहणारी. मावशीच्या हृदयाला धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काकूने तितूला गाठलं.

"दिवसभर मेल्याचं सोंग करतोस ना? मग रविवारी पाच मिनिटं जिवंताचं कर."

तितू म्हणाला, जमणार नाही. मग त्याला घसरगाडी आठवली.

आता तो काकूच्या अंगणात कुंपणापाशी उभा होता. समोरच्या खिडकीत मावशी फोन कानाला लावून बसलेली दिसत होती.

"थंडी आहे का रे तिकडे?"

"नाही आई, ऊन आहे."

"अंगावर ती निळी बंडी आहे ना?"

"आहे."

"जमीन ओली असते का?"

तितूने काकूकडे बघितलं. काकूने खांदे उडवले.

"नाही आई. मी चौथ्या मजल्यावर राहतो."

"बरं," मावशी म्हणाली. "पुढच्या वेळी एकदाच वाजव. मी उचलीन."

"नको, नको. तीनदाच वाजवतो."

"तुझी मर्जी. आणि त्या तितूला सांग, कानटोपी घालत जा म्हणावं. दर रविवारी कुंपणापाशी बोडका उभा असतो."

"सांगतो, आई."

फोन बंद झाल्यावर काकू कुजबुजली, "संशय आला का रे तिला?"

"माहीत नाही. मला कानटोपी घालायला सांगितलंय."

"मग घाल की, मेल्या!"

बुधवारी तितू मावशीकडे लाकडं पोचवायला गेला. दारात उभं राहून तीनदा हाक मारली. स्त्रिगोई आत येऊ नये म्हणून संत आंद्रेईच्या सणाला खिडक्यांना बांधलेल्या लसणाच्या माळा दिसत नव्हत्या.

"मावशी, लसूण कुठे गेला?"

"वास येतो रे."

सत्तर वर्षं आला नव्हता. भिंतीवरच्या आरशावर, घरात कुणी गेल्यावर टाकतात तसं, काळं फडकं टाकलेलं होतं.

"आणि हे?"

"काच तडकलीय. बस."

तिने त्याच्यापुढे वाटी ठेवली. शिजवलेले गहू, वर साखर आणि अक्रोड. हे गोड मेलेल्याच्या नावाने करतात.

"कुणाच्या नावाचं?"

"काकांच्या." मावशीचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. "खा पोटभर. दोरूच्या मित्राने खायलाच हवं."

तितूने दोन वाट्या खाल्ल्या आणि काळजीचं काही कारण नाही, असं काकूला येऊन सांगितलं.

रविवारी बर्फ पडत होतं. तितू कानटोपी घालून आला. सुळ्यांत हॉटेलच्या सुपातली कोबीची शीर अडकली होती. कुंपणापाशी मान खाली घालून तो ती टाचणीने काढत बसला.

समोरच्या घरात फोन वाजला.

"झाला एकदा," काकू कुंपणावरून वाकून बघत म्हणाली. "बंद कर आता."

एवढ्या थंडीत मावशीची खिडकी सताड उघडी होती. चर्चला जायचा कोट अंगात, डोक्याला ठेवणीतला रुमाल. तिने हात पुढे केला आणि पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"अगं बाई, उचलला की गं हिनं! बोल ना रे, गप्प काय उभा राहिलास?"

बर्फावरून मावशीचा आवाज स्पष्ट आला. कित्येक महिन्यांत इतका मोकळा लागला नव्हता.

"ओ, बाळा. आले."

तितूच्या एका हातात सुळे होते, दुसऱ्या हातात टाचणी. फोन त्याने अजून खिशातून काढलाच नव्हता.