अकरा वर्षांची शालू

"शालू, जेवलीस का गं?" पडद्यावरून बाबांनी विचारलं.

शाल्मली अठ्ठावन्न वर्षांची होती आणि आज इस्पितळातल्या तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. ती अकरा वर्षांची असताना, बाबा जाण्याआधी, याच इस्पितळाने त्यांचं मन संगणकात उतरवून घेतलं होतं. पुढे सगळा डेटाबेस नवा झाला आणि बाबांसारखे जुने प्रोग्रॅम त्यात कोसळू लागले. म्हणून तिनेच मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवला. नवी माहिती तो जुन्या नोंदींना पटेल अशी करून सांगायचा. जुन्यांना बदलाचा पत्ताही लागता कामा नये, हा नियमही तिचाच. आता त्याच नियमाची तिला चीड यायची. तिचं लग्न मोडलं तेव्हा ती इथेच बसून रडली होती. बाबांना मात्र दुभाष्याने ऐकवलं, मैत्रिणीने कट्टी घेतली.

"मॅडम, जुन्यांपैकी हे एकटेच उरलेत," तन्वीर, तिच्या जागी आलेला, चाचरत म्हणाला. "दुभाष्या संध्याकाळी बंद होईल, मग तेही. सांगून टाका त्यांना."

तिने माइक जवळ ओढला. "बाबा, हे आपलं शेवटचं बोलणं. उद्यापासून मी नसेन."

पलीकडे अकरा वर्षांच्या मुलीचा आवाज उमटला, "बाबा, सुट्टी लागली! मी उद्या मामाकडे चाललेय."

"अरे वा! जा की," बाबा खुलले. "विहिरीवर मात्र एकटी जाऊ नकोस. आणि पोचलीस की फोन कर. मी इथंच आहे, मी कुठं जातोय?"