शेजारचा फोटो

“काकांच्या जागेवर बसल्यावर काय, कुणालाही जमेल,” विभाच्या पाठीमागे कुणीतरी पुटपुटलं. फोटोक्लबच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस तिला मिळालं होतं. फोटोत कल्हईवाला होता आणि ओळीने मांडलेल्या पातेल्यांत त्याचेच सात चेहरे.

क्लबच्या रविवारच्या फेरीत, फोटो काढत हिंडताना, जुने सभासद टिपणीसकाकांनी उकिडवं बसून तो कोन शोधला होता. ते उठले तशी विभा तिथेच बसली. क्लबात असं चालायचंच, कोनाचा काही सातबारा नसतो. पण काकांचा फोटोही शेजारीच टांगलेला होता, तोच, फक्त हललेला. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. नजर त्यांची, फोटो आपला, मग बक्षीस कुणाचं? तिला उमजेना.

“काका, हे तुमचंच आहे,” ती चाचरत म्हणाली.

काकांनी दोन्ही फोटो पाहिले. “नाही गं. माझे हात थरथरतात आता.”